‘रेंज नसली तरी ११२ लागतो’: हा निरोप पुढे पाठवण्याआधी

मृग लागला, पहिला पाऊस पडला की मेळघाटाच्या पायथ्याच्या परतवाडा-अचलपूरकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक निरोप फिरायला लागतो. यंदाही आला. मजकूर थोडक्यात असा: ‘जंगलात वाट चुकलात आणि मोबाइलला रेंज नसेल तरी घाबरू नका. ११२ लावा, हा नंबर थेट उपग्रहावरून चालतो. फोनमध्ये जीपीएस असल्यामुळे तुम्ही कुठे आहात ते पोलिसांना आपोआप कळतं. नव्या फोनांत तर सॅटेलाइट एसओएस असतोच. नसेल तर ऑनलाइन बीकन मागवा, बटण दाबलं की हेलिकॉप्टर येतं. आता जंगलात कोणीही हरवणार नाही. प्रत्येक ट्रेकरपर्यंत पोहोचवा.’

मला तो तीन ठिकाणांहून आला. त्यातला एक ग्रुप आमच्या पोरांच्या आईवडिलांचा आहे. दर वर्षी मी वीस-पंचवीस पोरं घेऊन चिखलदऱ्याच्या पायथ्याच्या रानात जातो, कधी शहानूरवरून नरनाळ्यावर चढतो. त्याच ग्रुपवर एका आईनं विचारलं, ‘सर, मग आता काळजी नाही ना?’ काळजी आहे, ताई. हा निरोप खरा मानला तर जास्तच आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊन सांगतो.

पहिलं वाक्य ११२चं. त्यात एक धागा खरा आहे, म्हणून ते लोकांना पटतं. आपत्कालीन कॉल करताना फोन स्वतःच्या सिमच्या कंपनीपुरता अडून राहत नाही, त्या जागी ज्या कोणाचा टॉवर पोहोचत असेल त्यावरून लागायचा प्रयत्न करतो. पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसतं तेव्हा अर्थ हाच असतो: तुमच्या कंपनीचं काही नाही, पण दुसऱ्या कोणाचं तरी आहे. तेव्हा ११२ जरूर लावा. पण ‘नो सर्व्हिस’ दिसत असेल तर तिथे कोणाचाच टॉवर पोहोचत नाही. मग ११२ही लागत नाही. या नंबरामागे कुठलाही उपग्रह नाही. आपल्या साध्या फोनातला रेडिओ काही किलोमीटरवरच्या टॉवरशी बोलण्यासाठी बनवलेला असतो. दोन टेकड्यांच्या मधल्या खोऱ्यात तो टॉवर डोंगराआड गेला की संपलं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. चार वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही पाचजण घाटाखालच्या रानात होतो. नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून माझ्या सहकाऱ्याचा पाय सटकला आणि घोट्यातून कट्‌ असा आवाज आला. मीही तेव्हा हाच निरोप वाचलेला होता. मी ११२ लावला. परत लावला. फोन डोक्यावर धरून लावला, दगडावर चढून लावला. अकरा वेळा. तेवढ्या वेळात बॅटरी अठ्ठावन्नवरून एकतीसवर आली, कारण टॉवर सापडत नसला की फोन त्याच्या शोधात बॅटरी खात सुटतो. घोटा तोवर कवठासारखा सुजला होता आणि वरच्या अंगाला ढग दाटत होते. नाला चढला असता तर आम्ही ज्या बाजूला होतो तिथेच अडकलो असतो.

तेवढ्यात म्हशींमागे एक कोरकू पोरगा आला. सोळा-सतरा वर्षांचा असेल. माझ्या हातातला फोन बघून म्हणाला, ‘इथी टावर नाही लागत, भाऊ. वरतं मोहाच्या झाडाखाली उभं रायलं का एक काडी येते. तेबी सरकलं का गेली.’ फोन आणि नंबर घेऊन तो निघाला. पाऊण तासानं वरून त्याची हाळी ऐकू आली. फोन लागला होता, पण पोलिसांना नव्हे, त्याच्याच मामाला. मामानं गावातून चारजण आणि एक बाज पाठवली. त्या बाजेवर आम्ही सहकाऱ्याला बांधलं, पाळीपाळीनं खांदा देत रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून ट्रॅक्टरनं. गावाला आम्ही कुठे आहोत ते लगेच कळलं, कारण पोरानं मामाला त्या नाल्याचं नाव सांगितलं. ते नाव कुठल्याच नकाशावर नाही.

म्हणून पोरांना मी आता हेच शिकवतो. रेंज नसेल तर जागीच बसून नंबर घासू नका. सगळ्यांना हलवता येत नसेल तर दोघांनी मिळून उंच, मोकळ्या जागेकडे जायचं, आलेली वाट लक्षात ठेवत. बाकीचे फोन फ्लाइट मोडवर टाकायचे. रेंजची एखादी काडी आली की आधी एसएमएस पाठवायचा, कारण बोलणं तुटतं तिथेही कधी कधी एसएमएस निघून जातो.

दुसरं वाक्य जीपीएसचं. यात घोळ सगळ्यात जास्त आहे आणि तो शिकलेल्या लोकांतही आहे. घरी रेडिओवर आकाशवाणीचं नागपूर केंद्र लागतं. आपण त्याचं ऐकतो, पण आपण घरात काय बोलतो ते केंद्राला ऐकू जात नाही. जीपीएसचं अगदी तसंच आहे. ते उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. फोन चार किंवा जास्त उपग्रहांचं ऐकतो आणि आपली जागा आपणच काढतो. उपग्रहाला तुमचा पत्ताच नसतो. तुमची जागा पोलिसांपर्यंत जायची तर ती मोबाइलच्या जाळ्यातूनच जाणार, आणि जाळं नसलं तर ती तुमच्या खिशातच राहणार.

‘पण सरकारनंच तर फोनमध्ये जीपीएस सक्तीचं केलंय,’ असं एका पालकांनी मला सुनावलं. ते खरं आहे. २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये आपत्कालीन बटणाची सोय आणि १ जानेवारी २०१८ पासून जीपीएस बंधनकारक झालं. पण त्या बटणानं जो कॉल जातो तो टॉवरवरूनच जातो.

जीपीएसचा खरा उपयोग वेगळा आहे आणि तो मोलाचा आहे. निघण्याआधी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला, तर रेंज नसताना, बहुतेक फोनांत फ्लाइट मोडवरही, आपण कुठे आहोत ते दिसतं. अक्षांश-रेखांश कागदावर लिहून त्या डोंगर चढणाऱ्या दोघांजवळ द्या. ते आकडे एसएमएसमध्ये गेले तर शोधणाऱ्यांचे कितीतरी तास वाचतात.

तिसरं वाक्य नव्या फोनांचं. आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनांमध्ये उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे, हे बरोबर. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती अमेरिका आणि कॅनडात सुरू झाली, मग आणखी काही देशांत. भारतात नाही. फोनाच्या खोक्यावर लिहिलेलं असलं तरी मेळघाटात ते बटण काही कामाचं नाही. एवढं पुरे.

चौथं वाक्य बीकनचं, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. कारण बीकन, म्हणजे बटण दाबलं की उपग्रहाकडे संकटाची हाक सोडणारं छोटं यंत्र, ही खोटी गोष्ट नाही. माणसाच्या हातून घडलेल्या सुंदर व्यवस्थांपैकी ती एक आहे असं मी मानतो. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स या चौघांनी मिळून कोस्पास-सारसॅट ही अशा हाका उपग्रहावरून ऐकणारी यंत्रणा उभी केली. पहिला उपग्रह सोव्हिएत संघानं जून १९८२ मध्ये सोडला, आणि त्याच सप्टेंबरात कॅनडाच्या पहाडात कोसळलेल्या एका लहान विमानातले तिघे त्याच्यामुळे सापडले. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेल्या देशांनी हे केलं. त्यानंतर हजारो जीव वाचले. भारतही या व्यवस्थेत आहे आणि इस्रोचं नियंत्रण केंद्र बंगळूरूला आहे.

व्यक्तीनं जवळ बाळगायचं बीकन ४०६ मेगाहर्ट्‌झवर बोलतं. त्याची ताकद ५ वॅट असते. साधारण दर ५० सेकंदांनी ते अर्ध्या सेकंदाची एक हाक सोडतं आणि किमान चोवीस तास सोडत राहतं. त्या हाकेत यंत्राची ओळख असते, जीपीएस असेल तर जागाही. जवळ आलेल्या शोधपथकासाठी ते १२१.५ वर वेगळी खूणही देतं. पूर्वी उपग्रह ती १२१.५ वरची हाकही ऐकत, पण १ फेब्रुवारी २००९ पासून ते बंद झालं. जुना स्वस्त माल कोणी गळ्यात मारत असेल तर हे ध्यानात ठेवा.

आता निरोपातल्या हेलिकॉप्टरकडे येऊ. उपग्रह फक्त हाक पोहोचवतो. पुढचा प्रवास जमिनीवरचा: नियंत्रण केंद्र, बचाव यंत्रणा, जिल्हा, पोलीस ठाणं, वनखातं, आणि शेवटी पाठीवर पाण्याची बाटली टाकून रात्री नाला ओलांडणारा वनरक्षक आणि त्याच्यासोबतचा वनमजूर. बटण दाबल्याबरोबर डोक्यावर येणारं हेलिकॉप्टर आपल्याकडच्या खोऱ्यांत कोणी तयार ठेवलेलं नाही. शिवाय बीकनला आकाश दिसावं लागतं. एप्रिलमध्ये सागाची पानं गळलेली असतात, तेव्हा आपल्या रानात वर पाहिलं की आभाळच आभाळ. ऑगस्टमध्ये त्याच जागी परातीएवढी ओली पानं आणि खाली अरुंद नाला. यंत्र तेच, पण हाक तेवढ्या सहज निघत नाही.

आणि कायदा. ‘ऑनलाइन मागवा’ हे दोन शब्द लिहिणाऱ्यानं किती मोठ्या संकटात लोकांना लोटलं आहे याची त्याला कल्पना नसावी. परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र बाळगणं भारतात गुन्हा आहे. इरिडियम आणि थुराया या उपग्रहांच्या दोन जाळ्यांवरच्या यंत्रांना इथे मनाई आहे, आणि परदेशी गिर्यारोहकांच्या पट्ट्याला लटकलेली ती छोटी निरोपयंत्रं बरीचशी इरिडियमवरचीच असतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटूला असंच यंत्र सापडल्यामुळे अडवून ठेवलं होतं. ४०६चं बीकन हेही शेवटी रेडिओ प्रक्षेपकच. त्याची रीतसर परवानगी आणि नोंदणी लागते, आणि नोंदणीच नसेल तर हाक कोणाची आहे हे ओळखणार कसं? गडचिरोलीत, नक्षलवादामुळे कडक पहारा राहिलेल्या अहेरी-भामरागडकडे तर बिनपरवान्याचं यंत्र पाठपिशवीत घेऊन फिरायचा विचारही करू नका.

आपल्याच देशात याचं चांगलं उदाहरण समुद्रावर आहे. इस्रोनं मच्छीमारांसाठी संकट-संदेश यंत्र तयार केलं आहे. बोटीवरून बटण दाबलं की हाक उपग्रहामार्फत तटरक्षक दलाकडे जाते, आणि नव्या पिढीच्या यंत्रात ‘तुमची हाक पोहोचली’ असा उलट निरोपही येतो. मला फार वाटतं की तसं काही रीतसर, स्वस्त, सरकारमान्य यंत्र मेळघाटातल्या ढाण्यांवरच्या, म्हणजे लहान वस्त्यांवरच्या, आशाताईंना आणि वनमजुरांना मिळावं. ट्रेकरांच्या आधी त्यांना. पावसाळ्यात नाला चढला की त्यांच्यासाठी तो रोजचा प्रश्न असतो. मागायचंच तर हे मागू या, ग्रुपवर पाठवायचंच तर ही मागणी पाठवू या.

उरलं शेवटचं वाक्य, ‘आता जंगलात कोणीही हरवणार नाही’. मला राग या वाक्याचा येतो, कारण ते वाचलेला पोरगा घरी न सांगता निघतो. दुचाकी काढली, दोन मित्र घेतले, धबधबा बघायला गेले. फोन आहे ना! संध्याकाळी परतला नाही तर आई कोणत्या दिशेला बोट दाखवणार?

आमच्याकडे आता एक चिठ्ठी असते. कोण कोण, कोणत्या वाटेनं आत, कोणत्या वाटेनं बाहेर, शेवटचं पाणी कुठे, कपड्यांचा रंग, आणि ‘अमुक वाजेपर्यंत परत आलो नाही तर शोधायला निघा’ अशी वेळ. एक प्रत घरी, एक पायथ्याच्या गावात, एक वनखात्याच्या नाक्यावर. परवानगी काढताना ती सहज देता येते, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय पायी शिरायचंच नसतं. संरक्षण कुटीवरच्या, म्हणजे वनखात्याच्या रानातल्या चौकीवरच्या, वनरक्षकांकडे वायरलेस असतो. मोबाइल मेला तिथेही तो बोलतो. आपल्या रानातली खरी आपत्कालीन यंत्रणा ती आहे. वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हेही चिठ्ठीच्या पाठीवर लिहा, म्हणजे रेंजमध्ये असलेला माणूस लावू शकेल.

प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. मिनिटभरात सहा वेळा फुंकायची, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. बऱ्याच देशांच्या डोंगरांत मदतीची हाक हीच मानतात. ऐकणाऱ्यानं तीनदा उत्तर द्यायचं. घसा तासाभरात बसतो, शिट्टी दिवसभर वाजते. आणि अंधारात धूर-जाळ करून खूण द्यायचं मनात आणू नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, तेव्हा एक पेटती काडी अख्खं खोरं घेऊन जाते. मोह पडायच्या दिवसांत भल्या पहाटे मोहाखाली अस्वल असतं, म्हणून उजाडल्याशिवाय निघायचं नाही. वैशाखात बारा ते चार सावली सोडायची नाही. साप चावला तर पाय हलवायचा नाही, कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, उचलून थेट सरकारी दवाखान्यात न्यायचं.

त्या ग्रुपवर विचारणाऱ्या ताईंना मी ही चिठ्ठीच पाठवली, कोरी. पुढच्या रविवारी त्यांच्या पोरानं ती भरून आणली. परतीच्या वेळेच्या रकान्यात त्यानं ‘५ वाजता’ लिहिलं होतं. आईनं ते खोडून शेजारी ४ केलं होतं. आम्ही पावणेचारला पायथ्याला उतरलो आणि किराणा दुकानदारानं वजनाच्या मापाखाली दाबून ठेवलेली प्रत काढून त्याच्या हातात दिली.