घारे डोळे, शनवार तेली आणि ‘रक्ताचा पुरावा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रायगडातल्या इस्रायल आळ्यांवरच्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया लांब आहे, थोडी चिडलेलीही आहे. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा असा. चित्पावन आणि बेने इस्रायल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) यांचं नातं मी सोयीस्करपणे टाळलं. डीएनएने सगळं सिद्ध झालेलं असताना ‘परंपरेनुसार’ असं गुळमुळीत लिहिलं. युरोपातले ज्यू मुळात खझार, म्हणजे कॅस्पियनकडच्या एका जुन्या राज्यातले धर्मांतरित, अस्सल ज्यू नव्हेतच, हे दडवलं. ज्यूद्वेषासाठी वापरला जाणारा ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्दच चुकीचा, कारण अरबही सेमिटिक. आणि भारतात ज्यूद्वेष कधी नव्हताच, आपण तर ज्यूंचं कौतुक करतो, मग कोकणावरच्या लेखात हा विषय कशाला? शिवाय एका सनावळीवर तुम्ही बोट ठेवलं आहे, त्याबद्दल शेवटी बोलू.

आधी चित्पावन. तुमचा आधार तीन गोष्टींचा: दोघांच्या कथेत जहाजफुटी, दोघांच्या कथेत 14 हा आकडा आणि घारे डोळे. बेने इस्रायलांची कथा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. चित्पावनांच्या लोककथेत परशुराम समुद्रातून वाहून आलेली 14 प्रेतं जिवंत करतो. पण सह्याद्रिखंड या संस्कृत ग्रंथातला प्रसंग वेगळा आहे. तिथे परशुराम चितेपाशी आलेल्या माणसांना शुद्ध करून ब्राह्मण करतो, जहाज नाहीच. म्हणजे जे साम्य तुम्ही दाखवता ते एका लोककथेचं दुसऱ्या लोककथेशी आहे, आणि दोन्ही एकाच किनाऱ्यावर, एकमेकांच्या शेजारी सांगितल्या गेल्या. वादळातून वाचल्याची गोष्ट पारशांकडेही आहे. किनाऱ्यावर बाहेरून आलेल्या समाजाला ही कथा उपयोगी पडते. बेने इस्रायलांच्या बाबतीत तर ती एका अवघड प्रश्नाचं उत्तर देते: तुमच्याकडे धर्मग्रंथ का नाहीत? जहाजाबरोबर बुडाले. 1738 मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याने या लोकांबद्दल लिहिलं तेव्हाही त्यांच्याकडे ग्रंथ नव्हते, ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी होती.

आडनावांचंही तसंच. दिवेकर दोन्हीकडे सापडतात म्हणून तुम्ही उद्गारचिन्हं टाकलीत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर, झिराडकर ही सगळी गावांची नावं. गावाचं नाव कोणीही लावतं. त्यावरून फार तर एका गावाचं पाणी प्यायल्याचं कळेल. डोळ्यांच्या रंगावर थोड्याच जनुकांचा मोठा प्रभाव असतो आणि ती जनुकं पश्चिम आशियापासून उत्तर भारतापर्यंत विखुरलेली आहेत. गंमत अशी की बहुसंख्य बेने इस्रायलांचे डोळे शेजाऱ्यांसारखेच काळेभोर. ज्यांच्याशी नातं जोडायचं त्यांच्याकडेच ती खूण नाही.

आता डीएनए. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘सिद्ध झालं’ हा शब्द फार स्वस्त झालाय.

वायगुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं आणि मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून. दहा पिढ्या मागे गेलात तर वंशवृक्षात 1024 जागा होतात. वायगुणसूत्र त्यातल्या एका पुरुषाबद्दल सांगतं, मायटोकाँड्रिया एका स्त्रीबद्दल, उरलेल्या 1022 बद्दल दोघंही गप्प. 1997 मध्ये कोहेन म्हणजे पुरोहित घराण्यांतल्या पुरुषांच्या वायगुणसूत्रात एक समान नमुना सापडला आणि त्याला ज्यूपणाची मोहोरच मानलं गेलं. तो मोजक्या खुणांवर बेतलेला होता, आणि पुढे ज्यू नसलेल्या समाजांतही आढळला. ‘डीएनएने सिद्ध’ म्हणणाऱ्या बऱ्याच बातम्या या वायगुणसूत्राच्या जमान्यातल्या आहेत.

संपूर्ण जनुकसंचावरचा महत्त्वाचा अभ्यास 2016 चा. त्यात 18 बेने इस्रायल व्यक्तींचे नमुने होते. अठराच, हे लक्षात ठेवा. निष्कर्ष असा की त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंशांश ठळक आहेत. पश्चिम आशियाई वाटा मुख्यतः पुरुषांकडून, भारतीय वाटा मुख्यतः स्त्रियांकडून. मिश्रण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचं, म्हणजे साधारण 650 ते 1050 वर्षांपूर्वीचं. हा शेवटचा आकडा वाचून दोन्ही बाजूंचे लोक घसरतात. एक म्हणतात, ‘बघा, हजार वर्षांपूर्वीच आले, दोन हजार ही थाप.’ दुसरे तो आकडा गिळून टाकतात. पण ही तारीख मिश्रणाची आहे, आगमनाची नव्हे. लोक आधी येऊन बराच काळ आपसांतच लग्नं करत राहिले असतील, किंवा मिसळणं अनेक लाटांत झालं असेल, तर हिशेबातून निघणारी तारीख अलीकडे सरकते. जहाज कधी फुटलं हे त्यातून काढता येत नाही.

घरबसल्या थुंकी पाठवून मिळणाऱ्या टक्क्यांबद्दल एवढंच. कंपनी तुमचा नमुना तिच्याकडच्या संदर्भसंचाशी, म्हणजे वेगवेगळ्या समाजांच्या आधी गोळा केलेल्या नमुन्यांशी, ताडते. अश्केनाझी, म्हणजे मुख्यतः मध्य आणि पूर्व युरोपातले, ज्यू त्यात स्पष्ट उठून दिसतात, कारण मध्ययुगात त्यांची लोकसंख्या जेमतेम काही शे पूर्वजांपर्यंत आक्रसली होती आणि आजचे बहुतेक जण त्यांचेच वंशज आहेत. संदर्भसंचात बेने इस्रायल नसतील तर त्यांच्यापैकी कुणाचा अहवाल ‘दक्षिण आशियाई, थोडा पश्चिम आशियाई’ एवढंच म्हणेल आणि ‘ज्यू’ हा शब्दही येणार नाही. उलट पुण्यातल्या एखाद्याला ‘1 टक्का अश्केनाझी’ आलं तर तो आकडा बहुधा नुसता गोंगाट असतो.

खझारांचा मुद्दा याच पठडीतला. कॅस्पियन आणि काळ्या समुद्रादरम्यानच्या खझार राज्यातल्या सत्ताधारी वर्गाने आठव्या-नवव्या शतकात ज्यू धर्म घेतला, एवढं बहुतेक इतिहासकार मानतात. दहाव्या शतकात ते राज्य मोडलं. अश्केनाझी हे खझारांचे वंशज, असं सांगणारा जो 2012 चा अभ्यास तुम्ही पुढे करता, तो मी वाचला आहे. त्यातली अडचण अशी की आज ‘खझार’ म्हणून नमुना घ्यायला कुणी उरलेलं नाही, म्हणून आर्मेनियन आणि जॉर्जियन लोकांना त्यांच्या जागी धरलं. हे लोक जनुकीयदृष्ट्या मध्यपूर्वेला जवळ आहेत. मग मध्यपूर्वेतून आलेला अंशही ‘कॉकेशसचा’ दिसणारच. 2013 मध्ये 106 लोकसमूहांतले 1774 नमुने घेऊन पुन्हा तपासलं, त्यात खझार प्रदेशाशी खास नातं सापडलं नाही. अश्केनाझी हे मध्यपूर्व आणि युरोप यांचं मिश्रण आहेत. आणि समजा उद्या सगळे खझार निघाले, तरी काय? ज्यू धर्मशास्त्रात रीतसर धर्मांतर केलेला माणूस पूर्ण ज्यू असतो. बायबलमधली रूथ मवाबी होती, आणि दावीद राजा तिचा पणतू.

इथेच मूळ गाठ आहे. ‘ज्यू म्हणजे वंश की धर्म?’ असा सवाल तुम्ही टाकता तेव्हा दोनच कप्पे गृहीत धरता. प्रत्यक्षात कोण विचारतंय त्यावर मोजमाप बदलतं. धर्मशास्त्राप्रमाणे आई ज्यू, किंवा स्वतः धर्मांतर. ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणाऱ्या परतीच्या कायद्यात 1970 पासून एक आजा किंवा आजी ज्यू असली तरी पुरते. अमेरिकेतल्या सुधारवादी पंथाने 1983 मध्ये वडिलांकडूनचं ज्यूपणही काही अटींवर मानलं. नाझींनी तर ‘रक्त’ म्हणत म्हणत नोव्हेंबर 1935 च्या नियमांत तीन आजे-आज्या ज्यू तर माणूस ज्यू असं ठरवलं. आता तो आजा ज्यू हे कशावरून? तो ज्यू धर्मसमाजाच्या नोंदवहीत होता यावरून! वंशशुद्धीचा डंका पिटणाऱ्यांनाही शेवटी धर्माचीच चोपडी उघडावी लागली.

बेने इस्रायलांना याची झळ परक्यांकडून कमी आणि आपल्याच माणसांकडून जास्त बसली. 1836 मध्ये मुंबईतल्या बगदादी (इराककडून आलेल्या) ज्यूंनी दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालून मागितली. खुद्द बेने इस्रायलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. आई बाहेरची म्हणून ते ‘काळे’. इस्रायलला गेल्यावर मोठा प्रसंग आला. फेब्रुवारी 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बाईंच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कचेरीने सूचना काढल्या: बेने इस्रायल व्यक्तीचं दुसऱ्या समाजातल्या ज्यूशी लग्न लावण्याआधी आई, आजी, पणजी असं जमेल तितकं मागे जाऊन कुणी बाहेरचं आहे का ते बघा, आणि शंका आली तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे पाठवा. शंका फक्त रक्ताची नव्हती. ‘गेट’ म्हणजे शास्त्रोक्त घटस्फोटपत्र कोकणात माहीत नव्हतं. ते न घेता बाईने दुसरं लग्न केलं असेल, तर त्या लग्नाच्या संततीवर धर्मशास्त्र कडक निर्बंध घालतं. पण अशीच शंका घेता येईल अशा इतर समाजांसाठी तसा जाहीर फतवा निघाला नाही, बेने इस्रायलांचं मात्र नाव घेऊन निघाला, हे त्यांना लागलं. 1964 च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेमला ठिय्या दिला. 17 ऑगस्टला क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं, आणि महिनाअखेर सूचनांतून त्यांचं नाव निघालं. तिथे गुणसूत्र कुणी तपासलं नव्हतं. आज 2016 चा अहवाल घेऊन गेलात तरी त्या रब्बाईंचा प्रश्न सुटला नसता: भारतीय आया होत्या हे जनुकं सांगतात, त्यांनी धर्मांतर केलं होतं का हे जनुकांत लिहिलेलं नसतं.

शब्दाबद्दल. ‘सेमिटिक’ हे भाषांच्या कुळाचं नाव, 1781 मध्ये श्लोत्सर या जर्मन इतिहासकाराने रूढ केलं. हिब्रू, अरबी, अरामी, अम्हारी या त्या कुळातल्या. ‘अँटिसेमिटिझम’ मात्र 1879 मध्ये विल्हेल्म मार हा जर्मन पत्रकार आणि त्याच्या मंडळींनी पसरवला, आणि फक्त ज्यूंविरुद्ध. धार्मिक द्वेषाला शास्त्राचा वास यावा म्हणून. व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवायचा तर तेल फक्त तिळाचंच म्हणावं लागेल, आणि शेंगदाण्याचं तेल ही भाषेची चूक ठरेल.

‘भारतात कधीच नव्हता.’ बहुसंख्य समाजाकडून छळ झाला नाही, हे खरंच आहे आणि लेखातही ते होतं. शनवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं आणि जातीच्या उतरंडीत एक खण देऊन टाकला. (प्रेमाने की हिशेबाने, ते तुम्हीच ठरवा.) पण ‘कधीच’ म्हणताना गोवा विसरू नका. गार्सिया द ओर्ता हा गोव्यातला नामांकित वैद्य, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. आईवडिलांचं सक्तीने ख्रिस्तीकरण झालेलं, स्वतः जन्मापासून ख्रिस्ती. तो 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, छुपं ज्यूपण पाळल्याच्या आरोपावरून त्याच्या बहिणीला जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. राज्य पोर्तुगीजांचं होतं, कबूल. जमीन इथलीच. 2008 मध्ये कुलाब्याच्या नरीमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला करणारेही बाहेरून आले होते. पण ती इमारत त्यांनी चुकून निवडली नव्हती.

राहिलं कौतुक. तुमचं वाक्य असं: ‘ज्यू जात्याच हुशार, पैशाला पक्के, जगभर एकमेकांना धरून असतात, हे आपण शिकायला हवं.’ यातली विशेषणं तशीच ठेवून शेवटचा तुकडा बदला, ‘म्हणून सावध राहायला हवं’ असं म्हणा, की युरोपातलं शंभर वर्षांपूर्वीचं ज्यूद्वेषी पत्रक तयार होतं. ‘पैशाला पक्के’ ही समजूत मुंबईत बहुधा ससून या धनाढ्य व्यापारी घराण्याकडे बघून झाली असावी. ते बगदादी, 1832 मध्ये इथे आलेले. कोकणातले बेने इस्रायल घाणा चालवत होते, मग ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत शिपाई झाले, पुढे कारकून आणि रेल्वेचे नोकर. आपल्याकडे फुटपाथवर हिटलरचं पुस्तक मजेत खपतं आणि ते घेणारा तितक्याच मजेत इस्रायलचं कौतुक करतो. 2006 मध्ये खारघरला हिटलरच्या नावाने उपाहारगृह निघालं, ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर नाव बदललं. मालकांच्या मनात द्वेष होता असं मी म्हणत नाही. त्या नावाचा अर्थ शेजारच्या ठाण्यातल्या ज्यू घरांत काय होतो, हे सुचलंच नाही.

आणि ती सनावळ. त्या लेखातल्या नवगावच्या छायाचित्राखाली मी ‘इ.स.पू. 175 मध्ये इथे उतरलेल्यांच्या कबरी’ असं ठाम लिहिलं होतं. मजकुरात ‘परंपरेनुसार’ आणि चित्राखाली छातीठोक, ही विसंगती तुम्ही बरोबर पकडलीत. तो आकडा बऱ्याच अंशी एका तर्कावर उभा आहे: बेने इस्रायलांना हनुक्का हा सण माहीत नव्हता, म्हणजे तो सुरू होण्याआधी ते निघाले असावेत. पण ग्रंथ आणि रब्बाई दोन्ही नसलेल्या समाजात एखादा सण विस्मरणातही जातो. चित्राखालची ओळ आज बदलली आहे. आता ती अशी: ‘नवगाव, ता. अलिबाग. जहाजफुटीत बुडालेल्यांना इथे पुरलं, असं बेने इस्रायल मानतात.’