मेलेला कोण होता, हा रकाना कुठे गेला?

अमेरिकेत गोळीबाराचा एखादा खटला गाजला की मराठी ग्रुपांवर, इकडच्याही आणि तिकडच्याही, एक मजकूर फिरायला लागतो. त्यातले मुद्दे ठरलेले. स्वसंरक्षणाच्या कायद्यात वंशाचा उल्लेखही नाही. ट्रेव्हॉन मार्टिन या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाच्या खटल्याचा ‘स्टँड युवर ग्राउंड’, म्हणजे मागे न हटता ठाम उभं राहण्याच्या हक्काच्या, कायद्याशी काही संबंध नव्हता. उलट फ्लोरिडात या कायद्याचा फायदा कृष्णवर्णीयांनाच जास्त झाला. काइल रिटनहाउस हा गोरा आरोपी सुटला त्याच दिवशी अँड्र्यू कॉफी हा कृष्णवर्णीय आरोपीही सुटला. अहमॉड आर्बरी या कृष्णवर्णीय तरुणाच्या गोऱ्या मारेकऱ्यांना जन्मठेप झालीच. आणि एकाही वरिष्ठ न्यायालयाने भेदभाव मान्य केलेला नाही. सबब, भेदभावाची ओरड खोटी.

यातली बरीच विधानं सुटी सुटी घेतली तर खरी आहेत, म्हणूनच हा मजकूर पटतो. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

पहिलं, ‘कायद्यात वंश नाही.’ बरोबर, नाही. फ्लोरिडाने २००५ मध्ये केलेला ‘स्टँड युवर ग्राउंड’ कायदा म्हणतो की जिथे असण्याचा तुम्हाला हक्क आहे तिथे जिवावर बेतेल अशी वाजवी भीती वाटली, तर मागे हटण्याचं बंधन तुमच्यावर नाही, तुम्ही प्राणघातक बळ वापरू शकता. सगळी मेख ‘वाजवी’ या शब्दात आहे. भीती वाजवी होती का, हे आधी पोलीस ठरवतात, मग सरकारी वकील, मग ज्युरी. ही सगळी माणसं आहेत, आणि अंधारात समोरून येणारा कोणता तरुण धोकादायक वाटतो याच्या त्यांच्या कल्पना त्यांच्या समाजातूनच आलेल्या असतात. आपल्याकडे नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं, तरी न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. अमेरिकेत ती सोय नाही. ज्युरीने खुनाच्या आरोपीला निर्दोष सोडलं की सरकारला अपील करता येत नाही, आणि ज्युरीला कारणंही द्यावी लागत नाहीत. त्यामुळे तिथे ‘वाजवी’ या शब्दावर फार मोठा भार पडतो.

दुसरा मुद्दा मार्टिनचा. २६ फेब्रुवारी २०१२ च्या रात्री फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये हा सतरा वर्षांचा मुलगा दुकानातून खाऊच्या गोळ्यांचं पाकीट आणि पेय घेऊन परतत होता. वस्तीत स्वयंसेवक म्हणून पहारा देणाऱ्या जॉर्ज झिमरमनने पोलिसांना फोन करून ‘संशयित’ दिसल्याचं कळवलं आणि तो त्याच्या मागे निघाला. मागे जायची गरज नाही, असं फोनवरच्या माणसाने सांगितलं. पुढे झटापट झाली आणि मुलगा गोळी लागून मेला. झिमरमनच्या वकिलांनी ‘स्टँड युवर ग्राउंड’खाली मिळणारी खटल्याआधीची स्वतंत्र सुनावणी मागितली नाही, हे खरं. संबंध नव्हता म्हणणारे इथेच थांबतात. पण चव्वेचाळीस दिवस अटक झाली नाही ती का? बळाचा वापर बेकायदा होता असं मानायला सबळ कारण असल्याशिवाय अटक करू नये, असं हाच कायदा सांगतो. शहर प्रशासनाने तेव्हा हेच कारण दिलं होतं. आणि खटल्याच्या शेवटी न्यायाधीशांनी ज्युरीला ज्या लेखी सूचना दिल्या, त्यात ‘मागे हटण्याचं बंधन नव्हतं, ठाम उभं राहण्याचा हक्क होता’ हे शब्द होते. याच न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना ‘वांशिक’ हा शब्द जोडून संशयाबद्दल बोलायला मनाई केली होती. अटकेपासून निर्दोष सुटकेच्या निकालापर्यंत या कायद्याची भाषा होती. फक्त त्या रात्री त्या मुलाकडे कोणत्या नजरेने पाहिलं गेलं, ते बोलायची सोय नव्हती.

आता तिसरा मुद्दा. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त फिरतो तो हाच आकडा. टॅम्पा बे टाइम्सने २०१२ मध्ये फ्लोरिडातली या कायद्याची जवळपास दोनशे प्रकरणं गोळा केली. त्याच माहितीतून २०१३ मध्ये आकडे काढले गेले: लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे सतरा टक्के, पण मृत्यू झालेल्या प्रकरणांत हा बचाव घेणाऱ्यांत ते जवळपास एक तृतीयांश, आणि त्यांचं सुटण्याचं प्रमाण ५५ टक्के, गोऱ्यांचं ५३. म्हणजे फायदा त्यांचाच, असं गणित.

हे गणित मारणाऱ्याचा रंग मोजतं. मेलेल्याचा रकाना त्यात नाही. अमेरिकेत बहुतेक खून एकाच वंशाच्या लोकांमध्ये होतात, त्यामुळे कृष्णवर्णीय आरोपीच्या समोर मेलेला बहुधा कृष्णवर्णीयच असतो. आणि मेलेला कृष्णवर्णीय असला की सुटका सोपी. हे टॅम्पा बे टाइम्सनेच, त्याच माहितीवरून, २०१२ मध्येच छापलं होतं: कृष्णवर्णीय माणसाला मारणारे ७३ टक्के प्रकरणांत शिक्षेविना सुटले, गोऱ्याला मारणारे ५९ टक्के. मजकूर लिहिणाऱ्याने पहिला आकडा उचलला आणि दुसरा सोडून दिला. कृष्णवर्णीय आरोपी जास्त सुटतात, यातून त्यांच्या समाजाला कायद्याचं संरक्षण मिळतं हे सिद्ध होत नाही. त्या समाजात मुलगा मेला की कोणाला जबाबदार धरलं जाण्याची शक्यता कमी, एवढंच त्यातून दिसतं. ज्या आईचा मुलगा गेला तिच्यासमोर याला ‘फायदा’ म्हणून दाखवावं, याचा मला मनापासून राग येतो.

यावर एक सावध आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे: प्रत्येक प्रकरणातली परिस्थिती वेगळी असते, नुसत्या टक्केवारीवरून काय कळणार? अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे जॉन रोमन यांनी २००५ ते २०१० या काळातली एफबीआयची आकडेवारी तपासली. ‘स्टँड युवर ग्राउंड’ असलेल्या राज्यांत गोऱ्याने कृष्णवर्णीयाला मारलेल्या प्रकरणांपैकी सुमारे १७ टक्के मृत्यू समर्थनीय ठरले होते, उलट दिशेने एक टक्क्याच्या जरासे वर. घटना नेमकी कशी घडली याचा पुरेसा तपशील या आकडेवारीत नाही, हे रोमन यांनी स्वतःच नोंदवलं होतं. म्हणून २०१५ चा अभ्यास महत्त्वाचा. त्यात संशोधकांनी फ्लोरिडातली २०४ प्रकरणं घेतली आणि घटनेची परिस्थिती हिशेबात धरली. तरीही मेलेला गोरा असेल तर आरोपीला शिक्षा होण्याची शक्यता सुमारे दुप्पट निघाली.

चौथा मुद्दा कॉफीचा. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी रिटनहाउस विस्कॉन्सिनमध्ये आणि कॉफी फ्लोरिडात खुनाच्या आरोपातून सुटले, ही तारीख बरोबर आहे. पण कॉफीवर कोणाच्या खुनाचा आरोप होता? २०१७ मध्ये पोलिसांच्या विशेष पथकाने पहाटे घरावर धाड घातली. चोर शिरलेत असं वाटून आपण गोळी झाडली, असं त्याचं म्हणणं. पोलिसांनी उलट गोळीबार केला आणि त्यात त्याची मैत्रीण मेली, पोलिसांच्याच गोळ्यांनी. तिच्या खुनाचा खटला चालला तो कॉफीवर. मेलेली तरुणी कृष्णवर्णीय. शिवाय तो घरीही गेला नाही. आधीच्या गुन्ह्यामुळे बंदूक बाळगायला बंदी असताना ती बाळगली, म्हणून त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. हे उदाहरण रंगांधळ्या न्यायाचा पुरावा म्हणून फिरवणाऱ्यांनी प्रकरण वाचलेलं नाही. रिटनहाउसबद्दल एवढंच म्हणेन की त्याच्या गोळ्यांनी मेलेले दोघेही गोरे होते, त्यामुळे मी मांडतोय त्या मुद्द्यासाठी तो खटला कोणत्याच बाजूने फारसा उपयोगाचा नाही.

भीती कोणाची खरी मानली जाते, हे पाहायचं असेल तर मरिसा अलेक्झांडर या कृष्णवर्णीय बाईचं प्रकरण पाहा. जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा, ऑगस्ट २०१०. बाळंतपणाला दोन आठवडेही झाले नव्हते, मारहाण करणाऱ्या नवऱ्याविरुद्ध न्यायालयाचा मनाई हुकूम होता. भांडणात तिने एक इशाऱ्याची गोळी झाडली, ती भिंतीत गेली, कोणाला खरचटलंही नाही. न्यायाधीशांनी संरक्षण नाकारलं: ती गॅरेजमधून पुन्हा घरात आली, म्हणजे भ्याली नव्हती. ज्युरीने १२ मिनिटांत दोषी ठरवलं. शिक्षा वीस वर्षं. पुढे अपिलात निकाल रद्द झाला आणि तडजोडीनंतर २०१५ मध्ये ती तुरुंगाबाहेर आली. एका प्रकरणावरून नियम निघत नाही. इथे नवराही कृष्णवर्णीयच होता. पण ज्या राज्यात अनोळखी मुलाचा पाठलाग करणाऱ्याची भीती वाजवी ठरली, तिथेच ओळखीच्या मारकुट्या नवऱ्याची या बाईला वाटलेली भीती वाजवी ठरली नाही.

आर्बरीच्या खटल्याचा दाखला तर मला सर्वांत खटकतो. २३ फेब्रुवारी २०२० रोजी जॉर्जियात ब्रन्सविकजवळ पळायला गेलेल्या या पंचवीस वर्षांच्या तरुणाचा दोन गाड्यांतून पाठलाग झाला आणि त्याला गोळ्या घातल्या गेल्या. तो निःशस्त्र होता. मारणाऱ्यांपैकी एकजण सरकारी वकिलाच्याच कार्यालयातला माजी तपासनीस. प्रकरण हाती आलेल्या दुसऱ्या सरकारी वकिलाने पोलिसांना लेखी कळवलं की अटकेचं कारण नाही: आर्बरी बंदुकीवर झेपावला, तेव्हा गोळी झाडणाऱ्याला स्वसंरक्षणाचा हक्क होता. ज्याचा पाठलाग झाला त्याने जीव वाचवायला केलेली झटापट हाच त्याच्या मृत्यूचा बचाव ठरला. मे महिन्यात व्हिडिओ बाहेर आला, देश पेटला आणि ७४ दिवसांनी अटक झाली. ज्या जिल्ह्यात सुमारे चौथा हिस्सा लोक कृष्णवर्णीय आहेत, तिथल्या ज्युरीत अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय होता. ज्युरी निवडताना हेतुपुरस्सर भेदभाव झालेला दिसतो, असं न्यायाधीशांनीच म्हटलं आणि तरीही ती ज्युरी कायम ठेवली. त्या ज्युरीने योग्य निकाल दिला, त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण व्हिडिओ नसता तर प्रकरण तिच्यापर्यंत पोचलंच नसतं.

राहिला शेवटचा मुद्दा, न्यायालयाने भेदभाव मान्य केलेला नाही. १९८७ चा मॅक्लेस्की विरुद्ध केम्प निकाल वाचा. तो स्वसंरक्षणाचा नाही, मृत्युदंडाचा आहे, पण प्रश्न हाच होता. जॉर्जियात मेलेला गोरा असेल तर मृत्युदंडाची शक्यता ४.३ पट होते, असा अभ्यास सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने तो खोटा म्हटला नाही. तो ग्राह्य धरून पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की आकडे पुरेसे नाहीत, या खटल्यात या आरोपीविरुद्ध कोणी जाणूनबुजून भेदभाव केला हे दाखवा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्तीनंतर म्हणाले की संधी मिळाली तर या खटल्यातलं आपलं मत बदलू. त्यांचा निकाल मात्र आजही लागू आहे. म्हणून एखाद्या ज्युरीच्या, वकिलाच्या किंवा पोलिसाच्या मनातला हेतू पुराव्यानिशी सिद्ध करणं ज्याला जमणार नाही, त्याला न्यायालयात भेदभाव ‘मान्य’ करून घेता येत नाही.