कोड हलतो, त्याच्याभोवतीचं बोलणं मागे राहतं

गेले काही महिने डेव्हलपर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक पोस्ट फिरते आहे. तिचा मथितार्थ असा: ‘टीमचा कोड कुठे ठेवायचा यावर वेळ घालवू नका, डोळे मिटून गिटहब घ्या. सगळं जग तिथे आहे. गिटच असल्यामुळे उद्या पटलं नाही तर दुसरीकडे हलता येतं. मोठ्या कंपनीचं आहे, बॅकअपची चिंता नको. फुकट आहे. आणि स्वतःचा सर्व्हर चालवणं हा तर वेडेपणाच.’ मला ती चौघांनी पाठवली. त्यातले दोघं टीम लीड आहेत आणि हा निर्णय त्यांना येत्या महिन्यात घ्यायचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गिटहब म्हणजे टीमचा कोड इंटरनेटवर ठेवून त्यावर एकत्र काम करायची जागा, आणि गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारं साधन. गिटहबशी माझं वैर नाही, माझं रोजचं अर्धं काम तिथेच चालतं. आक्षेप आहे तो ‘डोळे मिटून’ला.

‘सगळं जग तिथे आहे’ हे खुल्या प्रकल्पापुरतं खरं आहे. अनोळखी माणसाने येऊन दुरुस्ती पाठवावी असं वाटत असेल, तर त्याचं खातं आधीपासून जिथे आहे तिथे असणं सोयीचं. पण बारा जणांच्या टीमचा खासगी रेपो (एका प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास) बाहेरचं कुणी बघणारच नसतं. तिथे जगाच्या हजेरीचा फायदा एवढाच, की नव्या माणसाला बटणं शोधत बसावं लागत नाही. आणि खुल्या प्रकल्पांतही सगळे तिथे आहेत असं नाही. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये ज्या लिनक्स कर्नलसाठी (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) गिट लिहिलं, त्याचे पॅचेस, म्हणजे दुरुस्त्या, आजही ईमेलने जातात. गिटहबवर आहे ती फक्त प्रत. डेबियन, ग्नोम आणि केडीई हे खुले प्रकल्प गिटहबसारखंच काम करणारं गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात. झिग या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मंडळींनी २०२५ च्या नोव्हेंबरात गिटहब सोडून कोडबर्ग ही तशीच दुसरी जागा धरली.

आता ‘गिटच आहे, उद्या हलवू’. पोस्टमधलं हेच वाक्य सगळ्यात जास्त फसवतं, कारण ते अर्धं खरं आहे. प्रत्येक क्लोनमध्ये, म्हणजे रेपोच्या प्रतीत, कोडचा इतिहास असतो. मिरर क्लोन (हुबेहूब पूर्ण प्रत) करायचा, नव्या जागी पुश करायचा, म्हणजे पाठवायचा, काम झालं. पण टीम तिथे नुसता कोड ठेवत नाही. इश्यू (नोंदवलेल्या तक्रारी आणि कामं), पुल रिक्वेस्टवरच्या (आपला बदल घ्या अशा विनंतीवरच्या) कॉमेंट्स, कुणी कशाला हरकत घेतली आणि मग का मान्य केलं, कुणाला कुठल्या ब्रांचवर (कोडच्या शाखेवर) लिहायची परवानगी, पाइपलाइनची (कोड आपोआप तपासून पुढे नेणाऱ्या साखळीची) सेटिंग्ज, त्यातले पासवर्ड, हे सगळं गिटच्या बाहेर, त्या त्या प्लॅटफॉर्मच्या डेटाबेसमध्ये असतं. आयात करणारी साधनं आहेत, पण त्यांनाही मर्यादा आहेत. खाती नीट जुळवली नाहीत तर सगळ्या कॉमेंट्स आयात करणाऱ्याच्याच नावावर पडू शकतात. क्रमांकांचंही तसंच. गिटहबवर इश्यू आणि पुल रिक्वेस्ट एकाच क्रमाने मोजतात, गिटलॅबवर दोन्हींचे क्रम वेगळे. म्हणजे गिटलॅबवर बारा नंबरचा इश्यूही असतो आणि बारा नंबरची मर्ज रिक्वेस्टही (पुल रिक्वेस्टचं तिथलं नाव); गिटहबवर आलात की तो नंबर एकालाच मिळणार. मग जुन्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) लिहिलेला नंबर भलत्याच ठिकाणी नेतो.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं उदाहरण बघा. त्यांचा कोड २०१७ च्या फेब्रुवारीत गिटहबवर आला. बग्जची यादी मात्र तिथे पोचली २०२२ च्या एप्रिलमध्ये, मधली पाच वर्षं ती जुन्याच जागी होती. प्रोग्रॅमिंग भाषांसाठी साधनं बनवणाऱ्या एलएलव्हीएम प्रकल्पाचा कोड २०१९ मध्ये गिटहबवर गेला, बग्ज २०२१ च्या अखेरीला, आणि रिव्ह्यू (एकमेकांचा कोड तपासणं) २०२३ मध्ये. जाणत्या माणसांची कमतरता या दोन्ही ठिकाणी नव्हती.

आमच्या टीमनेही एकदा जागा बदलली. कोड शनिवारी दुपारी चहाच्या आत हलला आणि आम्ही खूश झालो. पाइपलाइन नव्याने बसवायला पाच आठवडे गेले. रिव्ह्यूच्या कॉमेंट्स आणायला फार खटपट होती, म्हणून ‘कोण बघतंय जुनं’ म्हणत सोडून दिल्या. सहा महिन्यांनी क्लायंटने विचारलं, की करातले पैसे तुम्ही प्रत्येक ओळीवर का पूर्णांकात करता, एकूण बिलावर का नाही? यावर भरपूर चर्चा झाली होती हे सगळ्यांना आठवत होतं. कमिटमध्ये मात्र एवढंच: ‘रिव्ह्यूप्रमाणे बदल’. जुनं खातं बंद केलेलं, चर्चा करणारा सहकारी नोकरी सोडून गेलेला. तो निर्णय पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यायला दोन माणसांचे तीन दिवस गेले. कोडची एक ओळही हरवली नव्हती.

‘मोठी कंपनी आहे, चिंता नको’ यात दोन गोष्टींची गल्लत आहे. पहिली म्हणजे टिकणं. गूगल काही लहान कंपनी नव्हती. ‘गूगल कोड’ ही आपली कोड ठेवायची सेवा बंद करत असल्याचं त्यांनी २०१५ च्या मार्चमध्ये सांगितलं आणि २०१६ च्या जानेवारीत ती बंद झाली. मायक्रोसॉफ्टचं तसंच कोडप्लेक्स २०१७ मध्ये गेलं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घ्यायचं ठरवलं. बिटबकेट या आणखी एका सेवेने २०२० मध्ये मर्क्युरियलचे (गिटसारख्याच दुसऱ्या साधनाचे) रेपो काढून टाकले.

दुसरी गोष्ट डेटाची. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीट चालवलं आणि सुमारे ३०० जीबी डेटा गेला. बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या, ऐन वेळी त्या उपयोगी पडल्या नाहीत. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताशी होती, तिच्यावर भागलं. रेपो सुरक्षित राहिले. गेले ते मधल्या वेळातले इश्यू, कॉमेंट्स, नवी खाती; म्हणजे पुन्हा बोलणंच. हे सगळं त्यांनी लपवलं नाही, दुरुस्तीचं काम थेट प्रक्षेपणात दाखवलं, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. गिटहबवरही ऑक्टोबर २०१८ मध्ये नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

शिवाय कंपनीच्या हातात नसलेली कारणंही असतात. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारी आदेशाने भारतात ३२ साइट्स अडवल्या गेल्या, त्यात गिटहब होतं. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रायमियातल्या डेव्हलपरांची खाती मर्यादित झाली. आणि कोड स्पेसेस नावाच्या होस्टिंग कंपनीचं २०१४ मध्ये जे झालं ते प्रत्येक टीम लीडने लक्षात ठेवावं: हल्लेखोर क्लाउडच्या खात्यात शिरला, त्याने डेटा पुसला, बॅकअपही त्याच खात्याखाली होते तेही पुसले. कंपनी संपली.

‘फुकट’बद्दल थोडक्यात. गिटहबच्या मोफत योजनेत २०२० पासून खासगी रेपोत कितीही माणसं चालतात, हे उदार आहे. पण रिव्ह्यू झाल्याशिवाय मुख्य ब्रांचमध्ये काही जाऊ नये हा नियम खासगी रेपोवर मोफत योजनेत लावता येत नाही. टीममध्ये दोन फ्रेशर आले की तो लागतोच. गिटलॅबच्या मोफत योजनेत खासगी ग्रुपला पाच माणसांची मर्यादा आहे. तिथली माणशी महिन्याला ४ डॉलरची योजना २०२१ मध्ये बंद झाली, वरची १९ ची २०२३ मध्ये २९ वर गेली. बारा माणसांना महिन्याला ३४८ डॉलर.

राहिला ‘स्वतःचा सर्व्हर’. इथे मी पोस्टशी बरीचशी सहमत आहे. जानेवारी २०२४ मध्ये गिटलॅबमध्ये असं छिद्र निघालं, की पासवर्ड बदलण्याचा ईमेल हल्लेखोराच्या पत्त्यावर मागवता येत होता; गंभीरता दहापैकी दहा. अशी बातमी शुक्रवारी संध्याकाळी आली, तर सर्व्हर अपडेट करायला बसणारा माणूस तुमच्याकडे नसेल, तर त्या वाटेला जाऊ नका. तो असेल, तर गिटी (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं हलकं सॉफ्टवेअर) किंवा त्यातून २०२२ मध्ये वेगळं झालेलं फोर्जेओ लहानशा मशीनवर चालतं. माणूस नसला तरी मधली वाट राहते. काम गिटहबवरच करा, पण रोज रात्री रेपोचा मिरर आणि एपीआयने (प्रोग्रॅमने डेटा मागवायच्या सोयीने) काढलेले इश्यू व कॉमेंट्स वेगळ्या खात्याखालच्या मशीनवर उतरवा. एक स्क्रिप्ट आहे, लिहायला दिवस लागतो.

त्या दोन टीम लीडना मी एवढंच सुचवलं: भरपूर चर्चा झालेला एक जुना रेपो घ्या, ज्या ठिकाणी जायचं म्हणता तिथे न्या, आणि मग तिथून दुसरीकडे आणून बघा. नागपूरच्या मित्राने गेल्या आठवड्यात ते केलं. इश्यू आले, लेबलं आली, रिव्ह्यूतली निम्मी नावं चुकली. तरी त्याने गिटहबच घेतलं आहे. फक्त रेपोत ‘निर्णय’ नावाचा फोल्डर केलाय, आणि मोठी चर्चा संपली की दहा ओळींची फाइल त्यात कमिट झाल्याशिवाय पुल रिक्वेस्ट मर्ज करायची नाही असं टीमने ठरवलंय.