पाऊस कोसळतोय आणि टायमर चालूच!
गोव्यात जून ते सप्टेंबर सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तरी पर्वरीतल्या बंगल्यांत स्प्रिंकलर सकाळी सहाला फुस्स करून सुरू! अहो, बंद करा ना तो! त्यात लॉनखाली बांधकामाचा भराव, निचरा शून्य. जास्वंदीची पानं पिवळी पडली, माना टाकल्या, की "तहानलंय बिचारं" म्हणून आणखी एक बादली. तहान कसली, बुडतंय ते! मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरलं की मुळांना हवाच मिळत नाही. ती काळी, बुळबुळीत होऊन कुजतात. मग पाणी शोषणार कोण? बोट दोन इंच खुपसून बघा. ओल लागली तर पाइप गुंडाळून ठेवा. आणि कुंडीखालची ती बशी आधी रिकामी करा, डेंग्यूचे डास पोसताय तिच्यात.