मेलेले प्रवाळ आणि ‘तयार’ टाकी : एक खुलासा

“मालवणच्या किनाऱ्यावर पडलेले मेलेले प्रवाळ उचलून टाकीत मांडावेत, म्हणजे दुसऱ्याच दिवशी मासे सोडता येतात,” असा सल्ला खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय प्रथमच उभारणाऱ्यांमध्ये फिरत आहे. त्यातील दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असून, मृतावस्थेत सापडलेला संरक्षित प्राणीही कलम 39 नुसार सरकारी मालमत्ता ठरतो. त्यामुळे ‘मेलेलेच तर आहेत’ हा युक्तिवाद टिकत नाही. टाकीसाठी कृत्रिम खडक दुकानात मिळतात.

दुसरा दावा माशांच्या जिवावर बेतणारा आहे. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये (तेही विषारीच) आणि नायट्राइटचे बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू कोरड्या खडकावर जवळजवळ नसतातच, आणि ते वाढून स्थिरावण्यास साधारणपणे 4 ते 6 आठवडे लागतात. आरओच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम सागरी मीठ (स्वयंपाकाचे नव्हे) विरघळवावे, जिवाणूंना खाद्य म्हणून त्यात मोजून थोडा अमोनिया घालावा आणि चाचणी संचाने तपासत राहावे. घातलेला अमोनिया 24 तासांत संपून नायट्राइटही शून्यावर आला, की मगच एखादा क्लाउनफिश सोडावा. पाणी नितळ दिसणे ही कसोटी नव्हे, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.