सेलोटेप आणि आमचा इतिहास

आजोबांची ट्रंक माझ्याकडे आली ती माझ्या लायकीमुळे नाही, फॅमिली ग्रुपवर "जुने कागद कोण बघणार" असा मेसेज पडला आणि मी चुकून अंगठा दाबला म्हणून. पुढच्या महिन्यात सगळे जमणारच होते, तर त्या कागदांचं छोटंसं प्रदर्शन मांडायचं ठरलं. ठरलं म्हणजे बाकीच्यांनी ठरवलं.

माझा एक मित्र पुराभिलेखागारात आहे, त्याला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, "आतलं काही हलवलंस का?" अगदी खुनाच्या पंचनाम्याला आल्यासारखा. कारण म्हणे कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रम हासुद्धा पुरावाच असतो, १८९८ साली तीन डच माणसांनी यावर आख्खं मॅन्युअल लिहिलंय. मी ट्रंकेत वाकून बघितलं. आदल्या दिवशी आत्या येऊन सगळं साइझप्रमाणे लावून गेली होती, मोठे कागद खाली, छोटे वर, मधे डांबरगोळ्या, आणि जाताना म्हणाली होती "आता कसं नीट दिसतंय!"

कागदाचे शत्रू कोण असं विचारलं तर कुणीही कसर, वाळवी, ओल, ऊन एवढं सांगेल. त्या यादीत बाबांचं नाव नसतं हे माझ्या मते मोठं अज्ञान आहे. बाबांना फाटलेला कागद बघवत नाही. तीसेक वर्षांपूर्वी त्यांनी आजोबांच्या एका पत्राला मायेने सेलोटेप लावली. आज त्या टेपचं प्लास्टिक गळून पडलंय, पण गोंद मात्र कागदात मुरून बसलाय, तपकिरी, पारदर्शक, तेलाचा डाग पडावा तसा, आणि तो नेमका तारखेवर. दिवस दिसतो, महिना दिसतो, सालाचे शेवटचे दोन आकडे गेले. म्हणजे पत्र कुठल्याशा सोमवारी लिहिलंय एवढं नक्की. वर टाचणीही होती, तिने गंजून आपली स्वतःची प्रत मागच्या तिन्ही पानांवर काढून ठेवली होती.

शिवाय आजोबांचं सर्टिफिकेट बाबांनी लॅमिनेट करून घेतलेलं. हे सांगितल्यावर मित्र फोनवर एवढा वेळ गप्प राहिला की मला वाटलं रेंज गेली. मग हळू आवाजात म्हणाला, "अरे, आपल्याकडे पहिला नियम असा की जे काही कराल ते परत काढता आलं पाहिजे." मी ते बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "परत काढायचं असतं तर चिकटवलं कशाला असतं?" याला उत्तर नाही.

मी पांढरे हातमोजे आणले होते, सिनेमात घालतात तसे. मित्र म्हणाला काढ ते, जुन्या कागदाची कड बोटांना कळत नाही आणि फाटतो, त्यापेक्षा हात धुऊन कोरडे कर. पण फोटोला मात्र मोजे हवेत, कारण बोटांचे ठसे उमटतात. त्यामुळे दिवसभर माझं मोजे काढ, मोजे घाल, मधेच हात धू, असं चाललेलं, आणि मुलं दारात उभी राहून बघतायत की ऑपरेशन संपलं का.

उजेडाचं तर विचारूच नका. जुन्या कागदावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड नको म्हणतात, कारण एकदा उडालेला रंग अंधारात ठेवला तरी परत येत नाही. चुलतभाऊ मोठ्या उत्साहाने दोन फोकस घेऊन आला होता, त्याला ते परत गाडीत ठेवायला लावले. पहिले पाहुणे आत आले आणि म्हणाले, "लाइट गेलेत का?"

पण खरी लढाई लेबलांवरून. पन्नास-साठ शब्दांच्या पुढे कुणी वाचत नाही असं मित्राने बजावलेलं आणि आत्याला प्रत्येक वस्तूखाली आजोबांचा स्वभाव हवा होता. लेबल ही काही आजची डोकेदुखी नाही म्हणा. १९२५ मध्ये लिओनार्ड वूली या पुरातत्त्वज्ञाला इराकमधल्या ऊर या प्राचीन शहरात, एका राजकन्येच्या मानल्या जाणाऱ्या खोलीत वेगवेगळ्या शतकांतल्या वस्तू एकत्र सापडल्या आणि त्यांच्यासोबत एक मातीचं लिहिलेलं दंडगोल, ते त्याने म्युझियमचं लेबलच मानलं. त्यावर राजकन्येच्या आत्याने किती दुरुस्त्या सुचवल्या ते काही कळलेलं नाही.

आणि गर्दी कुठे झाली? सर्टिफिकेटपाशी नाही. आजोबांनी रेडिओ दुरुस्तीवाल्याला लिहिलेल्या तक्रारीच्या कार्बन कॉपीपाशी. "आपण दुरुस्त केलेला रेडिओ आता दुरुस्तीपूर्वी येत असलेली स्टेशनेही लावत नाही." लोक रांगेने वाचून हसत होते. ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची मातीची पाटी आहे, त्यात नन्नी नावाचा गिऱ्हाईक एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला खराब तांबं दिल्याबद्दल झापतो. त्या काळातले कितीतरी राजे आपल्याला माहीत नाहीत, पण तांबं खराब होतं हे माहीत आहे.

राहिला एक फोटो. पाच माणसं, चौघं ओळखीची, पाचवा कोण ते कुणालाच सांगता येईना आणि मागे नाव लिहायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. आत्या म्हणाली आजोबांचा मित्र, बाबा म्हणाले साहेब, मी वैतागून लेबलवर "अनोळखी गृहस्थ" लिहिलं. संध्याकाळी ब्याऐंशी वर्षांचे मोठे काका आले, चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हा मीच की!"

"छे," आत्या म्हणाली, "तू एवढा बारीक कधी नव्हतास."

बाबांनीही मान हलवली. बहुमतापुढे माझं काय चालणार, लेबल तसंच राहिलं. काका मात्र तिथून हलले नाहीत. शेवटचा पाहुणा जाईपर्यंत ते फोटोच्या शेजारी उभे होते, डावा हात कमरेवर, मान किंचित उजवीकडे, फोटोतल्यासारखी.