तळपायांचं स्थापत्यशास्त्र

देवळांवर ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानांनी गर्भगृह, अंतराळ, सभामंडप, शिखर, कशाकशावर लिहिलं. तळपायांवर मात्र कुणी एक ओळ खर्ची घातलेली नाही. ही मंडळी बहुधा पौषात हिंडत असावीत. चाकरमानी गावाला जातो मे महिन्यात, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. भिंत कितीही उंच असो, तिला सावलीच उरत नाही. चपला दाराबाहेर, पुढे तापलेला दगड, आणि गाभारा लांब.

कसबा संगमेश्वरच्या कर्णेश्वराला आम्ही नेमके बारा वाजता पोचलो, त्याला कारण घावणे. मामीच्या बिड्यावरचं शेवटचं घावन उतरेपर्यंत मामा उंबरा ओलांडत नाहीत. जन्मभर कातळावर अनवाणी हिंडल्याने त्यांच्या तळव्यांना थंड-गरम काही कळत नाही. आवाराच्या मधोमध, जिथे झाडाचं पानसुद्धा आड येणार नाही अशी जागा हेरून, ते थांबले.

"हे कुणी बांधलं, सांग बघू."

पुस्तकं सांगतात, कोल्हापूरचा चालुक्य राजा कर्ण. गाववाले सांगतात पांडव, तेही एका रात्रीत. मी ताबडतोब गाववाल्यांच्या बाजूने मत दिलं. एरवी या 'एका रात्रीत'वर मी हसलो असतो. पण पाय भाजत असताना डोकं स्वच्छ चालतं. दिवसा या दगडावर छिन्नी-हातोडा घेऊन बसणार कोण?

"शिंच्या, नाचतोस काय? नीट उभा राहा!"

मी एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला. बायकोने शांतपणे पर्समधून सुती मोजे काढले. एकच जोड. स्वतःचा. बरं, तक्रार करायची तरी कुणाकडे? कर्ण म्हटला की लोकांना आठवतो तो सूर्याचा मुलगा, आणि इथे तर आवारातच सूर्यनारायणाचंही देऊळ आहे.

मामा एव्हाना दापोलीला पोचले होते. अंजर्ल्याचा गणपती म्हणे मूळचा खाली किनाऱ्यावरचा. समुद्र आत सरकला तेव्हा देव एक पाऊल टाकून कड्यावर गेला. त्या पावलाचा ठसाही दाखवतात. असेल, समुद्राचं निमित्त असेल. पण भर दुपारी ती वाळू तुडवलेल्या कुणालाही एका ढांगेत कडा गाठायची इच्छा होतेच.

मग प्रदक्षिणा. इतर देवांना सरळ गोल फिरून येता येतं. शंकराला सोमसूत्री: अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नाही. तिथवर जायचं, आल्या वाटेने परत, मग उलट्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत आणि पुन्हा मागे. हिशेब केलात तर अंतर दुप्पट भरतं. हा नियम करणारा ऋषी नक्की खडावा घालत असणार!

मात्र त्या पन्हळीपाशीच मला देऊळ दिसलं. पाणी पडून तिथला दगड हातभर ओला होता. ओलांडायला मनाई आहे, काठावर उभं राहायला नाही. मी दोन्ही तळवे त्या ओलीत टेकले आणि पहिल्यांदाच भिंतीकडे मान वर करून बघितलं. एकावर एक थर आत-बाहेर होत वर चढत जातात आणि प्रत्येक कंगोऱ्याखाली सावलीची बारीक रेघ उमटते. अख्ख्या आवारात सावली होती ती तेवढीच, बोटभर रुंद, आणि सगळी माझ्या डोक्याच्या वर! मामा म्हणाले, "आता कसा तल्लीन झाला बघा." मामांना वाटलं भक्ती.

मंडपात शिरलो आणि आतला गार काळोख पोटऱ्यांपर्यंत चढला. या जुन्या दगडी मंडपांची करामत अशी की कमानीशिवायच छत तोललेलं असतं. चार खांबांवर चार तुळया, चारी कोपऱ्यांत तिरप्या शिळा, की चौकोन लहान झाला. त्यावर पुन्हा तसंच, की आणखी लहान. उरलेल्या भोकावर शेवटी कोरीव शिळा. वजन निमूट खांबांतून खाली उतरतं. ज्याने ही युक्ती काढली त्याला मी मनोमन दंडवत घातला, आणि दंडवताच्या निमित्ताने गालही फरशीला टेकवून घेतला.

बाहेर आल्यावर मामांनी आवाज खाली आणला. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज मोगलांच्या हाती लागले ते इथेच, या कसब्यात. मुकर्रबखान घाट उतरून अचानक आला. ते सांगत होते तेवढा वेळ मी दोन्ही पायांवर उभा होतो. ते ऐकताना पाय हलवायची लाज वाटते.

गाडीत बसल्यावर मामांनी दुसऱ्या दिवसाचा बेत जाहीर केला. मार्लेश्वर. पायऱ्या पाचशेच्या वर.

"आणि गुहेत साप असतात, आधीच सांगून ठेवतो," मामा म्हणाले. "काही करत नाहीत, पण असतात."

"गुहा आहे ना?" मी तळव्यांवर बाटलीतलं पाणी ओतत विचारलं. "मग सकाळी सातला निघू. घावणे तिथे बसून खाऊ."